सुटे आकडे

तिसऱ्या आठवड्यात तांडेल मॅडमनी
आम्हाला काउंटरवरून उठवलं, मांडणीत सोडलं.
'पुस्तक नाही वाचायचं. पुस्तकाची पाठ वाचायची.'
आकडा, खाली लेखकाची तीन अक्षरं,
डावीकडून उजवीकडे, मग खालचा खण.
वर्गात दशांशचिन्हापुढची सहा घरं
मी न चुकता भरायचे.
इथे दुपारपर्यंत मान अवघडली,
आणि अल्मास नुसत्या वासावरून सांगू लागली
कसर कुठल्या कपाटात आहे.

६४२. पंगती, मेजवान्या, नॅपकिनच्या घड्या,
आणि मध्येच पुलांच्या पायाभरणीचं
एक जाड, राखाडी पुस्तक,
भलत्याच लग्नात जेवायला बसलेल्या
साइट इंजिनियरसारखं.

मी हसले. मॅडम हसल्या नाहीत.
संगणकाला ते माहीतच नव्हतं.
जुनी दाखल नोंदवही काढली,
शेऱ्याच्या रकान्यात लाल शाई:
हरवले. किंमत वसूल, रु. ३४०.
हेरंब कुडतरकर, तृतीय वर्ष, स्थापत्य.
अकरा वर्षांपूर्वीचा मार्च.

शिगवणमामा शिडीवरच थांबले.
'परत केलंय म्हणत होता तो पोरगा.
तीन दिवस येऊन उभा राहिला.'
खाली उतरले, हात पुसले.
'बाइंडिंगहून गठ्ठा आलेला.
मी आकडे सांगत होतो,
तुमच्यासारखीच एक ट्रेनी लेबलं लिहीत होती.'

खिडकीबाहेर किंग्ज सर्कलचा पूल
भोंगे वाजवत होता.

चोवीस म्हणताना
जीभ आधी चाराला शिवते, मग विसाला.
पहिलीत सगळेच चुकतो.
संध्याकाळचे पाच वाजले असतील,
दमल्या हाताने जिभेचं ऐकलं असेल.

मॅडमनी नोंदीतला फोन लावून बघितला.
हा क्रमांक अस्तित्वात नाही.
लाल अक्षरांवर त्यांनी रेघ मारली नाही,
शेजारी निळ्याने लिहिलं: सापडले.
तारीख. सही.
'खाडाखोड करायची नाही कधी,'
त्या दिवशी एवढंच शिकवलं,
आणि चहाला गेल्या नाहीत.

जुनं लेबल निघता निघेना.
ओल्या फडक्याने मी ते बराच वेळ चोळलं.
अल्मास आकडा सांगायला बसली.
'सहाशे चो...'
'सुटे सांग,' मी म्हटलं.

सहा.
दोन.

चार.