बंद दाराला लावलेली चिठ्ठी

दस्तगीर, तिसऱ्यांदा आले.
दारावर खडूनं लिहिलंयस,
‘रात्रपाळी. झोपलोय. कडी वाजवू नका.’
नाही वाजवली.
सदर बाजारात इतकं स्पष्ट बोलणारं दार दुसरं नाही.
जिन्यात बसून लिहितेय,
एका जादा अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूला.

आधी तुझ्या आईचं.
हजराबींचा बारा-ड अर्ज मुदतीत पोचला.
पंच्याऐंशीच्या पुढच्यांचं मत घरी येऊन घेतात.
सोमवारी दुपारी पथक येईल, कॅमेरावाला पोरगाही असेल.
दचकू नका म्हणावं.
कॅमेरा आमच्यावर असतो, शिक्का पुठ्ठ्याच्या आडोशाला.
खाट तेवढी खिडकीपासून आत ओढ.
चहा टाकू नकोस, ती माणसं घेत नाहीत.
मी घेते.

खालच्या दिगंबरला निरोप दे,
यंत्रावर बोटांनी वाचायचे ठिपके आहेत,
आणि हवा तर आपला माणूस आत नेता येतो.
शाळेचा उतार मी भाचीची बाबागाडी ढकलून बघितला.
पहिल्या दिवशी चाक अडकलं.
मिस्त्रीला परत बोलावला.

आता तुझं.
मतदार चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे,
कार्ड आठवणीनं आण, मोबाईल घरी ठेव.
त्या दिवशी पगारी सुट्टी असते, कायद्यानं.
फौंड्रीतला मुकादम ‘बघू’ म्हणाला
तर त्याला माझा नंबर दे.
आणि आदल्या रात्री भट्टीपुढं उभा राहिलासच,
तर तसाच तडक रांगेत येऊ नकोस.
झोप आधी.
सहाच्या आत जो रांगेत, त्याला टोकन,
मग तो शेपटाला का असेना,
त्याचं मत पडल्याशिवाय यंत्र मिटत नाही.
म्हणजे चारपर्यंतची झोप तुझ्या हक्काची.

झोपेचं तू विचारलं नाहीस,
पण गेल्या खेपेला तुझे डोळे बघितलेत.
शेवटचा चहा रात्री दोनला, पुढं घोटसुद्धा नाही.
शिरोलीहून येताना टोपी कपाळावर ओढ,
उन्हाला कळू देऊ नकोस तू जागा आहेस ते.
खिडकीला काळी ओढणी, दुहेरी.
मोबाईल पिठाच्या डब्यावर, हात पोचणार नाही असा.
सुट्टी असली तरी वेळ फार हलवू नकोस.
गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन
झोप लागते म्हणतात.
मला नाही लागली.

मी तरी काय सांगणार?
दिवाळीपासून पावणेचारला डोळे उघडतात.
पिशवीत सात नंबरचे अर्ज असतात,
गेलेल्यांची नावं वगळायचे.
या भागात एकवीस भरले.
दाखला बघायचा, अनुक्रमांक घालायचा, पुढचं घर.
बाविसावा आमच्या सुबरावांचा.
तो पिशवीच्या तळाला, ज्वारीचं बिल गुंडाळून.
कुणी विचारलं नाही.
विचारणारी मीच.

परवा रात्री यादी काढून बसले.
चारशे बारा, ते. चारशे तेरा, मी.
आणि माझ्या चौकटीत, माझ्या नावाखाली,
बारक्या टायपात:
पतीचे नाव, सुबराव.
इतकी वर्षं ही यादी घरोघर फिरवली,
ती ओळ वाचली नव्हती.
चारशे बारा जाईल, यंदा नाही तर पुढच्या यादीत.
ही ओळ खोडायला कुणी अर्ज मागत नाही.

भरला. तिथंच, चटईवर.
मग आडवी झाले ती
दूधवाल्यानं भोंगा मारला तेव्हा उठले.
सव्वासहा.

हे शेवटचं तुझ्यासाठी नव्हतं,
पण कागद एकच होता.
खोली नंबर तीन, उजव्या हाताला, नळाच्या पुढं.
नव्या चपला लई करकरतात.
हातात घेऊन उतरते.

– अनसूया पाटोळे, अंगणवाडी