सात कोपरे

पहिलं नाणं मी घेतलं नाही, ते माझ्याकडे आलं.
उरणहून परतणारी शेवटची गाडी,
बॅगेत दिवसभराची चिकट चिल्लर,
कुणीतरी दोन रुपये म्हणून तळहातावर ठेवलं
आणि माझी सराईत बोटं फसली.
आपल्या जुन्या दोनच्या नाण्याला अकरा कोपरे,
याला सातच.
चालत्या गाडीत, अंधारात, उरलेले चार कोण मोजतो?

तुर्भे डेपोत लोखंडे मॅडमनी मोजले.
पेनाच्या टोकानं नाणं माझ्याकडे ढकललं:
"हे आपलं नाही. दोन रुपये भरा."
भरले.

घरी भिंग लावून अक्षरं जुळवली, बार्बाडोस.
एका अंगाला मासा, पंख पसरलेला.
मुलगी म्हणाली, बाबा, चुकलेत ते,
माशाला कुठले पंख?
दुसऱ्या दिवशी दिवाळ्याच्या चांगुणाताईला दाखवलं.
पायाशी पाटी, तिकीट बांगडीत खोचलेलं,
पाहिलं न पाहिलं आणि म्हणाली,
"पाखरू हाय ह्यो. कंडक्टर, तुला पाखरू ठावं नाय?
खोल दर्यात आपणच उडून होडीत पडतो."

त्यानंतर ते बेट
मला फारसं लांब वाटलं नाही.

करंजाचा निनाद घरत, तेलाच्या जहाजावर फिटर.
सुट्टीला आला की खिसे उलटे करतो माझ्या ओट्यावर.
पंचवीसवर पवनचक्की, दहावर समुद्रपक्षी,
पिवळ्या पाचवर दीपस्तंभ,
आणि तांबडा एक सेंट, त्यावर त्रिशूळ.
त्रिशूळ पाहून बायकोनं तो थेट देव्हाऱ्यात ठेवला,
बोटभर कुंकूही लावलं.
चौथ्या दिवशी तिला दिसलं, दांडा मोडका आहे.
भंगलेलं पूजेत चालत नाही,
म्हणून मला परत मिळाला.
कुंकू अजून आहे, कडेच्या खाचेत.

वाशीच्या प्रदर्शनात एकानं कोरा संच दाखवला,
प्लास्टिकच्या आत, मखमलीवर, माणूस न लागलेला.
तुमच्या घासलेल्यांना काडीची किंमत नाही, म्हणाला.
नसेल.
माझ्या पवनचक्कीचं एक पातं पार गुळगुळीत झालंय.
कुणी झिजवलं?
पाव घ्यायला धाडलेल्या पोरानं,
मुठीत घट्ट धरून, हरवू नये म्हणून?
की तिथल्या एखाद्या कंडक्टरनं,
ज्याला अंगठ्यानं नाणं चोळत
पुढचा थांबा ओरडायची सवय आहे?
माझ्या अंगठ्याचं कातडं अजून तिथंच जाड आहे.

निवृत्त झालो त्या वर्षी निनादच्या हातावर
ते जुनं, अकरा कोपऱ्यांचं दोनचं नाणं ठेवलं.
म्हटलं, तिथल्या बसमध्ये चढ. उशिरा, गर्दीत.
सुट्यांत हे सरकव.
"काका, पकडलं तर?"
पकडलं तर माफी माग, त्यांचं भाडं पुरं दे,
पण नाणं परत घेऊ नकोस.

आठ महिन्यांनी आला. नाणं ओट्यावर ठेवलं,
त्याला डिझेलचा वास.
तीन दिवस जहाज नांगरावर होतं,
किनाऱ्यावर कुणालाच उतरू दिलं नाही.
मी काही बोललो नाही.
चहा झाला. बशी पालथी घालत तोच म्हणाला,
"दीपस्तंभ दिसला मात्र. डेकवरून.
तुमच्या पाचच्या नाण्यावरचाच.
फक्त तो रंगीत आहे, काका,
लाल पट्टा, पांढरा पट्टा, लाल पट्टा,
आपल्या डेपोच्या फाटकावरच्या दांड्यासारखा."

तो गेल्यावर मी पाचचं नाणं बाहेर काढलं,
ट्यूबलाइटखाली धरलं, फिरवलं,
बराच वेळ.
लाल नेमका कुठून सुरू होतो
ते काही ठरेना.