एकसष्ट नंबरचा कागद

सोमवारी अकरावीच्या तुकड्या,
मंगळवारी बारावीच्या.
मी पांढऱ्या ॲप्रनात, काखेत कागदांचा गठ्ठा,
नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प:
दीर्घकालीन आजार आणि तुमच्या सवयी.
"खरं लिहा," म्हटलं, "नाव नको."
तरी सन्मती मगदूमनं लिहिलंच,
वळणदार अक्षरात, हजेरी क्रमांकासह.

उत्तरं पाठ होती सगळ्यांना.
मीठ किती, झोप किती,
आठवड्यातनं किती मिनिटं घाम यायला हवा,
कमरेचा घेर नेमका कुठं मोजायचा.
बरोबरच्या खुणा खाली खाली उतरत गेल्या
रंकाळ्याच्या कठड्यावरच्या बगळ्यांसारख्या,
एकही इकडचा तिकडं नाही.
मी वहीत लिहिलं: जाणीव उत्तम.

सुट्टीची घंटा झाली
आणि त्या उत्तम जाणिवेनं फाटकाबाहेरचा गाडा वेढला.
कटावर लाल तवंग, वर फरसाणाची मूठ,
"मावशी, झणझणीत होऊ दे जरा!"
खोटं कशाला सांगू, मीही त्या घोळक्यात होते,
ॲप्रन घडी करून पिशवीत कोंबलेला.
पाव जास्तीचा मागून घेतला.

बाविसावा प्रश्न:
घरात कुणाला शुगर, बीपी, हृदयविकार?
होय. नाही.
एकानं दोन्ही चौकटी सोडून समासात लिहिलं:
आजोबा. डावा पाय. गुडघ्याखाली.
तीन पूर्णविराम, तिन्ही कागदाच्या आरपार गेलेले.

आणि एकसष्ट नंबरच्या कागदामागं, पेन्सिलीनं:
"मॅडम, पावणेसहाला क्लास, मग कॉलेज, मग परत क्लास.
घरी यायला रात्रीचे नऊ.
आमच्या मैदानावर आता गाड्या लागतात.
रोज तीस मिनिटं चाला म्हणता,
झोपेत चाललेलं चालतंय का?"

माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या,
असले कागद बाद करायचे असतात.

घरी अण्णांना सांगितलं तर हसले.
अण्णांनी हा कागद भरला असता
तर निम्मे प्रश्न चुकले असते.
कमरेचा घेर त्यांना शिंप्याकडं कळतो.
मार्केट यार्डात तीस वर्षं
गुळाच्या रव्याचा कोपरा फोडून
जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे,
आणि जीभ भाव सांगायची.
सौदा तोवर थांबून राहायचा.

चार वर्षांमागं रिपोर्ट आला.
तेव्हापासनं खडा उजेडात धरतात,
नखानं खरवडतात, नाकाशी नेतात,
मग शेजारच्या भैरू हमालाच्या तळहातावर ठेवतात.
"चाख. खारट लागतोय का रं?"
"वाईच."
"आधी का मागनं?"
भैरू विचारात पडतो. "मागनं."
अण्णा मान हलवतात
आणि भाव बोलतात, जुन्याच आवाजात.
त्यांचा गळा मात्र एकदा हलतो,
काही नसताना गिळल्यासारखा.

हे मी पाहिलंय. लिहिलं नाही कुठं.
ना रकाना, ना टक्का.

रात्री दीड वाजता आलेख पूर्ण झाला,
निळे खांब उंच, हिरवे बुटके:
माहीत असणं, आणि करणं.
जागं राहायला तीन कप चहा, बुडवायला खारी.
माझा स्वतःचा कागद कोराच होता.
भरायला घेतला, पाचव्या प्रश्नाला ठेवून दिला.

एकसष्ट बाद केला नाही.
पिशवीतच आहे, ॲप्रनच्या घडीत.

काल पहाटेच्या ड्यूटीला जाताना
ताराराणी चौकात क्लासची पोरं दिसली,
पाठीवर दप्तरं, अंधारात जांभया देणारी.
त्यातला एकसष्ट कुठला, काय कळणार?
एक जण मात्र पळत होता,
दप्तर पाठीवर धाडधाड आपटत,
पार दाभोळकर कॉर्नरच्या दिशेनं.
उशीर झाला असंल.
तरी मी घड्याळ बघितलं,
आणि तो दिसेनासा होईतोवर
मिनिटं मोजत राहिले.