भिंतीपासून चार बोटं

नवी पेठेतल्या हत्तुरेनं किंमत सांगितलीच नाही.
आधी विचारलं, खोली केवढी?
अकरा बाय तेरा. खाली शहाबादी, वर स्लॅब,
एका भिंतीला लोखंडी कपाट, समोर काचेचं शोकेस.
तो म्हणाला, ताई, स्पीकर कुठं पळून जात नाहीत,
घरी जा, मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा.

वाजवली.
टाळी संपेचना.
पत्र्यावर फुटाणे सांडावेत तशी
या भिंतीवरून त्या भिंतीवर टरटरत राहिली,
शोकेसमधल्या बशा उगाच हो हो म्हणाल्या.

नान्नांनी टाळी पाहिली.
ऐकली का, ते विचारलं नाही मी.
एक्केचाळीस वर्षं मागावर.
आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची बेल,
मग माझ्या बोलण्यातले च, स, श.
सहा वाजले म्हटलं
की चहासाठी कप पुढे करतात.
टीव्ही छप्पन्नवर, आणि वरचे येमूल
काठीनं स्लॅब ठोकतात, तेवढं मात्र त्यांना कळतं.
"दम्म," म्हणतात, आणि हसतात.

दुकानात टॉवर होते, मांडवाच्या खांबांएवढे.
हात लावून पाहिला, सोडून दिले.
पैसे मधल्यात घाला, हत्तुरे म्हणाला,
माणसं बोलतात ती मधल्यातून.
बाकी चार लहान चालतील, धमाके कुणाला हवेत?
सोसायटीचं कर्ज, बारा हप्ते.

खोके आले, पण उघडायचे नाहीत असं ठरलं.
फक्त बेसचा डबा काढला,
तो नान्नांच्या खुर्चीत बसवला, त्यांना दिवाणावर,
आणि मी गुडघ्यांवर रांगत निघाले कडेकडेनं,
कुठं घुमतो, कुठं नीट वाजतो शोधत.
नेमक्या तेव्हा येमूलकाकू दारात.
"काय हरवलं गं, कुडी?"
सांगता येईना.
कोपऱ्यात डबा गावठी रेड्यासारखा हंबरत होता,
खिडकीखाली मात्र शहाण्यासारखा बोलला.

नान्ना तोवर उठून गेले होते.
परतले ते रिक्षातून, दोन गोण्या घेऊन,
जुन्या कारखान्यातलं वेस्ट, सुताचा गुंता, तेलाचा वास.
"कोपऱ्यात दाब," म्हणाले.
"टॉकीजच्या भिंतीत काथ्या भरताना पाहिलाय मी."

मग आरसा. हजामतीचा, कड तुटलेला.
तो मी भिंतीला लावून सरकवत न्यायचा,
ते खुर्चीतून बघणार,
ज्या जागी स्पीकर दिसेल, आवाज तिथंच आपटतो.
"नाही. नाही. कपाट दिसतंय. नाही.
आता तू दिसतेस.
थांब. दिसला."
खडूनं फुली मारली.

ट्रंकेतल्या चादरी काढल्या,
विकायच्या नव्हत्याच, नमुन्याच्या,
मोरात एक धागा चुकलेल्या,
शेठनं परत केलेल्या.
नान्नांनी उलट बाजू वर घेतली.
मी म्हटलं, मोर आत जातोय.
त्यांनी ऐकलं नाही, की ऐकूनही.
भिंतीला चिकटवू नको, हत्तुरेचं सांगणं,
चार बोटं हवा राहू दे मागं.
त्यांनी आपली चार बोटं घालून पाहिली
प्रत्येक खिळ्यापाशी.

एप्रिल. बाहेर त्रेचाळीस.
खोली एकाएकी आतल्या आत बसली,
माग बंद झाल्यावर शेड बसते तशी.
टाळी वाजवली:
एकच. कोरडी. पडली तिथंच राहिली.

वायरी अजून पुडक्यात होत्या.
मी स्वयंपाकघराच्या दारातून, रोजच्यासारखं न ओरडता,
पाठमोऱ्या त्यांना म्हटलं,
"नान्ना, सहा वाजले."

त्यांनी कपाकडे हात नेला नाही.
घड्याळाकडे पाहिलं.
"पाच कमी आहेत," म्हणाले,
आणि खुर्ची जराशी
डावीकडे सरकवली.