हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आमच्या खिडकीवर
माणसं आपण जिवंत असल्याचं सांगायला येतात.
ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट दुसऱ्यापर्यंतच.
उरलेला जिना हाच खरा दाखला,
असं खोतसाहेब म्हणतात
आणि स्वतःच हसतात.

मी अंगठा घेते. यंत्र हिरवं झालं
की एक वर्ष मंजूर.
लाल झालं तर पुसा, फुंकर मारा, दुसरं बोट.

जमिला मुकादम, वय ऐंशी पूर्ण,
निवृत्त परिचारिका, बाळंतपणाचा वॉर्ड.
दहाही बोटं लाल.
"कार्बोलिकनं खाल्ली," त्या म्हणाल्या.
"चौतीस वर्षं हात धुतले. रेषा तिथंच वाहून गेल्या."

ऐंशी झाली की दहा टक्के वाढ मिळते.
तेवढ्यासाठी त्या दोन बस बदलून वांद्र्याला आल्या होत्या,
पर्समध्ये जन्मतारखेचा कागद,
चार घड्यांचा.

सकाळीच परिपत्रक आलं होतं:
निवृत्तिवेतनाचा वाढता भार, आलेखासह.
आलेखाची रेघ जिना चढते
कुठेही न टेकता, धाप न लागता.
भार म्हणजे या बाई.
त्यांची घडीची काठी, साखरेची गोळी,
आणि वेळेवर न मरणं.
मी मनात हिशेब केला, वाईट खोड आहे:
चौतीस वर्षं नोकरी, बावीस वर्षं पेन्शन,
अजून बारा जगल्या की फिटंफाट.

मी दोन हजार सहाची.
मला खिडकीची ती बाजू नाही.
माझे दहा टक्के दरमहा कापून बाजारात जातात,
मोबाइलवर दिसतात,
सोमवारी फुगतात, गुरुवारी बसतात
इडलीच्या पिठासारखे.
अठ्ठावन्नाला किती होतील ते ॲप सांगतं,
खाली बारीक अक्षरात: अंदाजे.

म्हणून मार्चात मीही मैदानात बसले होते,
टोपी घालून, सात दिवस,
जुनीच द्या, जुनीच द्या, घसा बसेपर्यंत.
सातही दिवस ही खिडकी बंद.

"तेव्हा आले होते मी," बाई म्हणाल्या.
"हे गेल्याचा कागद घेऊन. दोनदा."
आवाजात तक्रार नव्हती.
कितीच्या ठोक्याला मूल झालं ते सांगावं, तसं सांगितलं.
मी यंत्राची वायर उगाच काढून परत लावली.

मग कपाटातून डोळ्याचं यंत्र काढलं.
मोतीबिंदू झालेला उजवा, केलेला डावा.
"पापणी मिटू नका हं."
"आम्ही पोरींना उलटं सांगायचो," त्या म्हणाल्या,
"डोळे मीट आणि जोर लाव."
डावा हिरवा झाला.

पावती छापून होईतो त्यांनी विचारलं,
"तुला किती बसेल गं?"
"ठाऊक नाही."
"अगं, पण कुणाला तरी ठाऊक असेल ना?"
मी खोतसाहेबांकडे पाहिलं.
खोतसाहेबांनी पंख्याकडे.

पावतीची त्यांनी पाचवी घडी घातली.
"येते," म्हणाल्या,
आपल्याकडे जाताना म्हणतात तसं.
मी रकान्यात नवा आकडा भरला, जुन्याहून मोठा,
आणि का कोण जाणे, दोनदा तपासला.

टोकन अठ्ठेचाळीस, मी हाक मारली.
टोकन अठ्ठेचाळीस.
ते जिन्यात बसले होते,
श्वास घेत.