माणसांचं क्रियापद

दर गुरुवारी सकाळी मी बाकावरची चादर बदलते.
बाक देवदाराचा, खाली सात पेट्या,
मध्ये फक्त बारीक जाळी.
माणसानं वर आडवं व्हायचं, एवढंच.
खालून ऊब येते, मेणाचा वास, लिंडनच्या मोहराचा,
आणि तो आवाज.
कान देऊ नका, पाठ द्या, असं मी सगळ्यांना सांगते.

पेट्यांच्या फळ्या बाहेरून रंगवलेल्या.
एकीवर कोल्हा शिकाऱ्याची दाढी करतोय,
एकीवर सैतान कुणा बाईची जीभ
सहाणेवर घासून धार लावतोय.
आजेसासऱ्यांचा हात.
माशीला आपलं दार ओळखू यावं म्हणून, म्हणायचे.
आजेसासूबाईंना मात्र शेवटपर्यंत शंका होती.

मी तेवीस वर्षं इस्पितळात फिजिओथेरपी केली.
काय बरं होतं नि काय होत नाही, ते मला ठाऊक आहे.
म्हणून दारावर पाटी:
औषधं सोडू नयेत.
डंखाची ॲलर्जी असल्यास आत येऊ नये.
अर्ध्या तासाचे पंधरा युरो.

व्हिन्को आला तो शर्टाच्या खिशात इनहेलर घेऊन.
चौतीस वर्षं येसेनित्सेच्या पोलाद कारखान्यात,
छातीत फाटक्या भात्याचा आवाज.
"मुलीनं पाठवलं," म्हणाला,
जसं काही तिनं त्याचं पार्सल केलं होतं.
बूट काढायला वेळ लागला.
मी वाकले नाही. त्याला ते नको होतं.

मी बाहेर पुदिना खुडत बसले.
वीसेक मिनिटांनी आतून बोलणं ऐकू आलं.
फोन नव्हे; फोन माझ्याकडे, टोपलीत.

जाळीशी तोंड नेऊन तो खाली बोलत होता.
बाप गेला तेव्हा तो नऊ वर्षांचा.
थोरल्या मुलानं प्रत्येक पेटीवर टकटक करून
सांगायचं असतं: मालक वारले, आता मी आहे.
फेब्रुवारी. गुडघाभर बर्फ.
तो गोठ्यामागे लपून राहिला,
आईला म्हणाला, सांगितलं.
एप्रिलात पेट्या उघडल्या, पाचही रिकाम्या.
रिकाम्या नाही, त्यानं स्वतःलाच दुरुस्त केलं,
तळाशी होत्या. झाडूनं काढल्या.

आमच्या भाषेत गाय मरते, कुत्रं मरतं,
घोडासुद्धा मरतोच.
मधमाशी वारते.
माणसांचं क्रियापद आम्ही
तेवढं तिला दिलंय.
व्हिन्कोनं तेच वापरलं,
आधी माश्यांसाठी, मग बापासाठी.

तास उलटला. मी दार वाजवलं नाही.
त्या लाकडावर टकटक करणं
त्या दिवशी बरं दिसलं नसतं.

बाहेर आला तेव्हा भाता तसाच.
बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला: एक्याण्णव.
येतानाही एक्याण्णव.
वहीत "फरक"च्या रकान्यात मी लिहिलं, नाही.
त्यानं वाकून वाचलं नि मान हलवली,
चोख हिशेब आवडणाऱ्या माणसासारखी.

"कळलं असेल त्यांना?"
मी म्हटलं, मला माहीत नाही.
उन्हाळ्यातली माशी सहा आठवडे जगते.
तुम्ही ज्यांना सांगितलंत, त्या ऑगस्टात नसतील.
"म्हणजे नव्यांना पुन्हा सांगावं लागेल."
लागेल.
"विमावाले देतात का ह्याचे पैसे?"
देत नाहीत.
तरी त्यानं पावती मागून घेतली,
चार घड्या करून इनहेलरमागे ठेवली.

टोपी आतच राहिली, बाकावर.
तिच्या काठावरून एक माशी चालत होती,
कुठून आली कोण जाणे, जाळी तर धड आहे.
पुढचं गिऱ्हाईक फाटकाशी गाडी लावत होतं.
ती उडेपर्यंत
मी चादर हातात धरून थांबले.