साध्या डोळ्यांना

रेंजहिल्सच्या रस्त्यावर सकाळी सव्वासहाला
मी खुर्ची घेत नाही. उभा राहतो,
फलकाकडे पाठ करून,
म्हणजे कुणाच्या नावापुढे किती लाल पडलीत
ते मला कळत नाही. कळू नये.

चालण्याची शर्यत. एक पाऊल कायम जमिनीला.
दोन्ही सुटली, आणि साध्या डोळ्यांना सुटलेली दिसली,
तर कार्ड लिहायचं. मी लिहिलं.
नंबर एकशे सात, नववा किलोमीटर, वेळ, सही.
ते तिसरं ठरलं.
मुख्य पंचांनी शेवटच्या वळणावर लाल पाटी दाखवली
आणि तेजल मरळ, वेल्ह्याची,
सगळ्यांच्या पुढे होती, ती थांबली.
आता ती पळाली असती तरी चाललं असतं.

चौतीस वर्षं मी खडकीच्या कारखान्यात तपासनीस.
हातात गेज. एका टोकातून जायलाच हवं,
दुसऱ्यातून जाता कामा नये.
गेलं की तांबडा ठिपका, पेटी वेगळी.
पितळेच्या तुकड्याने कधी वळून पाहिलं नाही.
त्याची आई डबा घेऊन
कुंपणापाशी उभी नसायची.

संध्याकाळी पुतण्याने मोबाईल पुढे केला.
काका, हे बघा, हळू करून.
पहिली आलेली हवेत. दुसरी हवेत.
सातवी, जिला मी मनातल्या मनात शाबासकी दिली होती,
तीही बोटभर हवेत.
सगळ्या जणी तरंगत चालल्या होत्या रेंजहिल्समधून
आणि त्यांतली एकच माझ्या डोळ्यांत सापडली.

नियमाला हे ठाऊक आहे.
म्हणून तर त्यात यंत्र नाही, माणूस लिहिलाय.
लिहिणाऱ्यांना काय वाटलं असेल?
माणूस म्हणजे थोडी दया?
की यंत्र लावलं तर शर्यतीत उरेल कोण?

काटेकोर असावं, हे मला अजून पटतं.
ढिलं सोडलं की सगळ्यात आधी
ओळखीच्या माणसाचं पाऊल सुटतं.
कारखान्यात बघितलंय मी, पेटीच्या पेटी.
पण ते पितळ होतं, हे आता दोनदा झालं सांगून.

मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो.
खरं सांगतो, मोतीबिंदू निघावा असं वाटत होतं.
शेवटची ओळ वाचली मी.
उजवीकडून डावीकडेसुद्धा वाचली.
दहा वर्षं इकडे फिरकू नका, म्हणाल्या बाई.

रविवारी ती आली. बोपोडीत आमचं घर शोधणं सोपं नाही.
रडली नाही. चहा घेतला. मग, "सर, किती?"
किती काय?
"किती सुटलं होतं? मिलिमीटरमध्ये."
गेज असतं तर मी आकडा दिला असता,
दशांशचिन्हापुढे तीन घरं.
म्हटलं, दिसलं. एवढंच.
"बरं." तिने कपबशी उचलून मोरीत ठेवली.
"मग दिसणार नाही असं चालते."

ही शपथ होती, की टोमणा,
की नियम जेवढा आहे तेवढाच तिने समजून घेतला,
मला विचारता आलं नाही.
जिन्यावर तिच्या चपला वाजत गेल्या,
एक, मग दुसरी, फाटकापर्यंत.
मी कान देऊन ऐकत होतो, मधे फट पडते का.
कानाचा नियमात उल्लेख नाही.

सतराला पुन्हा निवड चाचणी आहे.
पत्र आलंय. सही करून पाठवायचंय अजून.